सागवानी मूठ

माझ्या बायकोने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पिस्तूल विकत घेतलं. जहाजावर जेवणाच्या टेबलाशी मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सेकंड इंजिनियरचा घास हातातच राहिला. "चीफ, घरी सगळं ठीक आहे ना?" त्याने जपून विचारलं. बाकीचे हसले, पण पुढचे दोन दिवस सगळेच माझ्याशी जरा नरमाईने वागत होते.

घरी सगळं ठीक होतं. पिस्तूल हवेवर चालणारं, खेळातलं. दहा मीटरवर लावलेल्या कागदाच्या मध्यभागी शिशाचा छर्रा मारायचा, एवढंच त्याचं काम. शिवाय ते आमच्या घरात कधी येणारही नव्हतं. सिंगापुरात असली वस्तू क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहते. तुम्ही जायचं, सही करायची, वापरायची, परत द्यायची. आपली वस्तू आणि आपल्यालाच भेटीची वेळ, असा तो प्रकार.

मी बाबूराव तायडे, जहाजावर चीफ इंजिनियर. चार महिने समुद्रावर आणि चार महिने क्लेमेंटीच्या अकराव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, असं माझं आयुष्य. जहाजावर माझ्या एका हाकेसरशी सहा माणसं धावत येतात. घरी मी हाक मारली की आमची मुलगी एकता आतून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत "वेट लाह, पप्पा" म्हणते आणि येत नाही. प्रेमला, म्हणजे माझी बायको, येते. पण आपलं काम संपवून. माझ्यावाचून हे घर उत्तम चालतं, हे मला दर सुट्टीत नव्याने कळतं आणि दर सुट्टीत थोडं लागतं.

प्रेमला मूळची नांदेडची. बी.एस्सी.ला गणित होतं. इथे ती शाळकरी मुलांना गणित शिकवायला घरोघर जाते. कॉलेजात एन.सी.सी.त होती आणि रायफलचा नेम इतका पक्का की दिल्लीच्या जानेवारीतल्या कॅम्पसाठी तिची निवड झाली होती. ती गेली नाही, कारण त्याच जानेवारीत आमचं लग्न झालं. तिच्या वडिलांनी विचारलं होतं, लग्न फेब्रुवारीत धरलं तर? मला जानेवारीअखेर जहाजावर चढायचं होतं. मी म्हणालो होतो, "कॅम्प काय, पुढच्या वर्षीही असतो." पुढच्या वर्षी ती कॉलेजातच नव्हती. हे साल १९८४. बावीस वर्षांत तिने तो विषय एकदाही काढला नाही, म्हणून मी समजून चाललो होतो की ती विसरली.

ती विसरली नव्हती. एकताच्या शाळेत नेमबाजीचा गट होता. पालकांच्या दिवशी तिथल्या सरांनी सहज म्हटलं, आई-वडिलांनीही पाच छर्रे मारून बघा. मी मारले, त्यातले दोन कागदाला लागले. प्रेमलाने पिस्तूल आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं आणि पाचांतले तीन काळ्या गोलात मारले. एकताने सहा महिन्यांत नेमबाजी सोडली, कारण तिच्या मते ते "सो बोरिंग" होतं. तिची आई त्या सहा महिन्यांत एका क्लबची सभासद झाली होती.

क्लबची पिस्तुलं सगळ्यांसाठी असतात, म्हणजे खरं तर कुणासाठीच नसतात. त्यांच्या मुठी मोठ्या पंजाच्या पुरुषांना बेतलेल्या. प्रेमलाचा हात लहान, बोटं आखूड. मूठ धरली की तिच्या तर्जनीचं जेमतेम टोक चापापर्यंत पोचायचं, आणि तेही तिरकं. चाप तिरका ओढला की छर्रा डावीकडे. दोन वर्षं घाम गाळून ती चारशेपैकी ३२८ वर येऊन अडकली होती. त्यात २००६च्या सुरुवातीला क्लबने जाहीर केलं की महिलांचा चौघींचा संघ नव्याने निवडायचा. जुलैच्या चौथ्या शनिवारी चाचणी, प्रत्येकीचे चाळीस नेम, पहिल्या चौघी संघात. मात्र ३४० च्या खाली असलेली चौथी आली तरी घ्यायची नाही.

मार्चमध्ये मी सुट्टीवर आलो त्याच रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, मला स्वतःचं पिस्तूल घ्यायचंय. त्याला माझ्या हाताची मूठ लागेल. ती तुम्ही करून द्या."

बावीस वर्षांत तिने माझ्याकडे एवढं सरळ काही मागितलं नव्हतं. मी इतका फुगलो की त्याच आठवड्यात कानशींचा नवा संच घेऊन आलो.

क्लबचा शस्त्रागार सांभाळणारा माणूस म्हणजे अंकल सेंग. साठीचा, चपळ, चष्मा कपाळावर आणि दुसरा चष्मा नाकावर. देश सोडून गेलेल्या सभासदांची तीन पिस्तुलं विकायला त्याच्याकडे होती. शनिवारी सकाळी त्याने ती काउंटरवर जाड कापडावर मांडली. प्रेमलाने ट्यूशनच्या पैशांतून चारशे डॉलर बाजूला काढले होते आणि त्यावर एक डॉलर चढणार नाही, माझ्याकडूनही नाही, असं मला बसमध्येच बजावलं होतं.

पहिलं पिस्तूल नव्या पद्धतीचं, दाबलेल्या हवेच्या नळकांड्याचं. किंमत ऐकून आम्ही त्याच्याकडे बघणं थांबवलं. दुसरं गॅसवर चालणारं, चकचकीत, अक्रोडाच्या कोरीव मुठीचं, ३९० डॉलर. तिसऱ्याकडे बघवत नव्हतं. रंग उडालेला, मूठ तडकलेली आणि तिच्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळलेली. दर छर्र्याला बाजूची दांडी उघडून दाबायची, तेव्हा त्यात हवा भरणार. किंमत २६०.

"धिस वन ओल्ड ऑलरेडी," अंकल सेंग तिसऱ्याबद्दल म्हणाला. "नोबडी वाँट."

मी दुसरं उचललं. वजन छान, झळाळी छान. "हेच घे," मी म्हणालो. "मूठ तयारच आहे, मी थोडी तासून देतो. काम निम्मं होईल."

प्रेमलाने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिने अंकल सेंगला विचारून दुसरं पिस्तूल रिकामंच हातात घेतलं, भिंतीकडे रोखलं आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी तिने चाप ओढला, पुन्हा ओढला, पुन्हा. मग तिसरं घेतलं, टेपसकट, आणि तेच केलं. दहा वेळा, वीस वेळा. मला तिथे उभं राहून लाज वाटायला लागली होती. भाजीवाल्याकडे एकेक वांगं दाबून बघणाऱ्या बाईबरोबर उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"हे," ती डोळे उघडून म्हणाली. हात टेप गुंडाळलेल्या पिस्तुलावर होता.

"अगं, ते भंगार आहे!"

"त्याचा चाप बघा. आधी मऊ येतो, मग एका जागी थांबतो, आणि तिथून पुढे सुटतो. दर वेळी त्याच जागी थांबतो. त्या चकचकीतचा कधी इथे, कधी तिथे." मग तिने अंकल सेंगला विचारलं, "नळी कशी आहे, दाखवाल?"

अंकल सेंगने दोन्ही चष्म्यांतून तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग त्याने ते पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून, पक्कं धरून, पाच छर्रे मारले. कागद जवळ आणला तर त्याला एकच भोक होतं, कडा थोड्या खाल्लेलं. पाचही छर्रे त्यातूनच गेले होते.

"मला घरी चाप करता येत नाही," प्रेमला मला मराठीत म्हणाली. "नळी करता येत नाही. त्याचे पैसे मोजायचे. लाकूड तुम्हाला तासता येतं, मग लाकडाचे पैसे त्या माणसाला कशाला?"

"दर छर्र्याला दांडी दाबायची. चाळीस वेळा! हात भरून येईल."

"बावीस वर्षं भाकऱ्या थापतेय. दांडीचं मला सांगू नका."

इंजिनांचे सुटे भाग खरेदी करण्यात माझा जन्म गेला, आणि नेमकं हेच तत्त्व मी कंपनीच्या ऑफिसातल्या साहेबांना पत्रांतून शिकवत आलोय. ते माझ्या बायकोने मला काउंटरवर शिकवलं आणि मला ते आवडलं नाही. पण ती बरोबर होती. परवान्याचे कागद गेले, महिन्याभराने मंजूर होऊन आले. पिस्तूल तिच्या नावाचं झालं आणि जिथे होतं त्याच कपाटात राहिलं.

तडकलेली मूठ तेवढी रजिस्टरात लिहून, सही करून, अंकल सेंगने मला घरी नेऊ दिली. ते नुसतं लाकूडच होतं, एका बोल्टने बसणारं. तिची आतली खाच, जी पिस्तुलाच्या लोखंडावर बसते, ती हुबेहूब उतरवायची होती. बाहेरचा आकार मात्र प्रेमलाच्या हाताचा. लाकूड माझ्याकडे होतं. शिपयार्डात मोडीत निघालेल्या एका जहाजाच्या कठड्याचा सागवानी तुकडा मी दोन वर्षं पलंगाखाली जपून ठेवला होता. "पलंगाखालचं काहीतरी एकदाचं कामाला आलं," प्रेमला म्हणाली.

आत कोरायला मला तीन आठवडे लागले. दर शनिवारी क्लबमध्ये जायचं, अंकल सेंगसमोर मूठ पिस्तुलावर बसवून बघायची, अडते तिथे खूण करायची, घरी येऊन तासायचं. कॉरिडॉरमध्ये मी बसायचो आणि शेजारच्या चिनी आजी रोज येता-जाता भुश्शाकडे बघून चुकचुकायच्या.

मग बाहेरचा आकार. इथे मला माझी विद्या दाखवायची संधी मिळाली. जहाजावर व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर नीट बसतो का हे बघायचं असेल तर आम्ही त्याला निळा रंग लावतो, अगदी पातळ. मग बसवतो, उचलतो. जिथे रंग उतरला तिथे उंचवटा. तेवढाच घासायचा. पुन्हा रंग, पुन्हा घासणं, शेवटी सगळीकडे सारखा निळा उतरेपर्यंत. मी म्हटलं, हात म्हणजे व्हॉल्व्ह आणि मूठ म्हणजे बैठक. मी जहाजावरची रंगाची डबीच घेऊन बसलो.

"तो इंजिनाचा रंग माझ्या हाताला लावायचा नाही," प्रेमला म्हणाली. तिने मोरीतून कपड्यांची नीळ आणली. वैशाख पौर्णिमेला वंदनेला जाताना आम्ही सगळे पांढरे कपडे घालतो, म्हणून आमच्याकडे नीळ बारा महिने असते. ती खोबरेल तेलात कालवून तिने तळव्याला चोपडली आणि हात पुढे केला. मी मूठ तिच्या हातात दिली.

रोज संध्याकाळी सात वाजता हा कार्यक्रम चालायचा. ती भाकऱ्या आटोपून, हात पुसून बाहेर यायची. नीळ लावायची, मूठ धरायची, सोडायची. मी दिव्याखाली धरून बघायचो आणि उंचवटे घासायचो. बोलणं फारसं नसायचं, पण तो अर्धा तास मला फार आवडायचा. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा हात मी एवढा वेळ कधी बघितला नव्हता. त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला विहारात हात जोडताना तिचे तळवे आकाशी दिसत होते आणि बायका तिला चिडवत होत्या. ती सरळ सांगत होती, "पिस्तुलाची मूठ करतोय आम्ही."

मेच्या शेवटी मूठ झाली. सगळीकडे सारखा निळा उतरत होता, एक उंचवटा शिल्लक नव्हता. मी तिला तेल पाजलं, चकाकी आणली. मग स्वतःच्या हातात धरून बघितली तर मलाही बरी बसली. माझा पंजा तिच्या दीडपट. तेव्हाच डोक्यात काहीतरी वाजायला हवं होतं. मला वाटलं, काम इतकं छान झालंय की कुणालाही बसेल.

पहिल्या शनिवारी तिचे ३२६ झाले. दुसऱ्या शनिवारी ३२१.

"हातात फिरते," ती म्हणाली. "दहा-बारा छर्र्यांनंतर फिरायला लागते."

"शक्य नाही. निळा सगळीकडे लागलाय, तू स्वतः बघितलंयस. मूठ बरोबर आहे, तुझा हात चुकतोय."

हे मी बोललो. जहाजावरच्या आवाजात बोललो, एकता समोर असताना. एकताने कानातले इअरफोन काढले आणि म्हणाली, "पप्पा, नॉट नाइस लाह." मी टीव्ही लावला.

चार दिवसांनी, बुधवारी, प्रेमला बुकित पंजांगची ट्यूशन करून आली. चपला काढायच्या आधीच तिने माझ्यासमोर उजवा हात धरला. बोटात अंगठी नव्हती, ती डाव्या मुठीत होती.

"LRTच्या डब्यात गळून पडली," ती म्हणाली. "एसीत. खांब धरला होता, हात खाली घेतला आणि टण्णकन खाली. आता बघा." ती स्वयंपाकघरात गेली, दहा मिनिटं ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून परत आली आणि तीच अंगठी घालायला लागली. ती सांध्यावर अडली. साबण लावूनही जाईना.

"क्लबच्या हॉलमध्ये एसी आहे," ती म्हणाली. "तुम्ही माझा हात कधी मोजला?"

जहाजावर नवा इंजिनियर कुठलीही फट मोजायला निघाला की मी पहिला एकच प्रश्न विचारतो: गार की गरम? इंजिन तापलेलं असताना घेतलेलं माप घेऊन कुणी आलं तर मी ती वही त्याच्यासमोर बंद करतो. या एका प्रश्नासाठी मी कंपनीत बदनाम आहे. आणि माझ्या बायकोचा हात मी वीस संध्याकाळी मोजला, प्रत्येक वेळी तव्यापासून उठल्या उठल्या, फुगलेला आणि तापलेला, आणि तिला एकदाही विचारलं नाही. मूठ अचूक होती. फक्त ती भाकऱ्या करणाऱ्या बाईची होती, नेम धरणाऱ्या बाईची नव्हती.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला सवयीचं नाही, त्यामुळे ते जरा जोरातच बाहेर पडलं.

उपाय होता. सैल जागी लांबी भरायची, आमची जहाजावरची, दोन भाग कालवून दगडासारखी घट्ट होणारी. मग गार हाताने पुन्हा नीळ, पुन्हा कानस. तीन-चार आठवड्यांचं काम. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी कंपनीचा फोन आला. माझ्या जागी असलेला चीफ आजारी पडला होता आणि मला रविवारी चढायचं होतं, ठरल्यापेक्षा दहा दिवस आधी. हातात तीन दिवस होते.

मी हिशेब मांडून प्रेमलाला समजावलं. तीन दिवसांत होणार नाही. घाई केली तर लाकूड फुकट जाईल. मी ऑक्टोबरात येतो, तेव्हा शांतपणे करू. "संघ काय, पुढच्या वर्षीही निवडतील."

बोलून झालं आणि माझ्या कानांनी ते ऐकलं. तिनेही ऐकलं. बावीस वर्षांपूर्वी नांदेडला लग्नाच्या त्या बैठकीत ती दाराआड उभी होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"नाही," प्रेमला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या वेळी मी गप्प बसले. आता बसणार नाही. तीन दिवस आहेत ना? मला कानस धरायला शिकवा."

मी चाळीसेक पोरांना कानस धरायला शिकवलंय आणि त्यातले निम्मे रडलेत. प्रेमला रडली नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार आम्ही कॉरिडॉरमध्ये सरावाला मोडकं लाकूड घेऊन बसलो. "पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. मागे घासू नकोस, दात मरतात. उचल म्हटलं ना!" मी ओरडायचो, ती मान हलवायची आणि पुन्हा करायची. "नीळ पातळ लाव. जाड लावलीस तर सगळीकडे लागते आणि तुला फसवते. हात आधी गार कर, अर्धा तास क्लबच्या हॉलमध्ये बस, मग माप घे." पहिल्या दिवशी तिच्या बोटाची साल निघाली. दुसऱ्या दिवशी कानस सरळ जायला लागली. तिसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं की मी उजवीकडे जास्त दाबतो. मी बघितलं, तर खरंच दाबत होतो.

त्या तीन दिवसांतल्या भाकऱ्या मी केल्या. त्यांच्याबद्दल एकता अजून बोलते.

रविवारी निघताना मी कानशींचा संच तिच्या हातात दिला. चीफची हत्यारं कुणी हाताळत नाही. माझ्या सेकंडलाही परवानगी नाही. "लांबी थोडी जास्तच भर," मी म्हणालो. "जास्त भरलेलं घासता येतं." तिने मला दारापर्यंत सोडलं आणि मी लिफ्टमध्ये शिरायच्या आत कॉरिडॉरमधून कानशीचा आवाज सुरू झाला.

जहाज आखाताकडे निघालं. त्या काळी जहाजावरची ईमेल कॅप्टनच्या कॉम्प्युटरवर यायची, दिवसातून दोनदा, आणि कॅप्टन ती वाचून मग आपल्याला द्यायचा. प्रेमलाच्या ओळी दर तीन-चार दिवसांनी यायच्या. "अंकल सेंगने बाकावर जागा दिली. मूठ तिथेच ठेवते." "अंगठ्याखाली जास्त घासलं. परत लांबी भरली." "आज ३३४." "आज ३३१." "आज ३३८, पण करंगळी दुखते." मी उत्तरात सूचना लिहायचो. दुसऱ्या आठवड्यात तिचं उत्तर आलं: "करंगळीचं तुम्हाला तिथून दिसत नाही. मला कळतंय." त्यानंतर मी सूचना लिहिल्या नाहीत. लिहून खोडल्या, एवढंच.

जुलैच्या चौथ्या शनिवारी आमचा एक जनरेटर बंद पडला आणि मी दिवसभर तेलात माखलेला होतो. रागाच्या भरात दोघांना नको ते बोललो. संध्याकाळी कॅप्टन स्वतः खाली इंजिनरूममध्ये आला. कॅप्टन कधी खाली येत नाही. त्याच्या हातात कागद होता.

"चीफ, तुझ्या बायकोने आकडेच आकडे पाठवलेत," तो इंजिनाच्या आवाजावरून ओरडला. "मला काही कळलं नाही."

मी हात न पुसताच कागद घेतला. "८५, ८४, ८६, ८८. एकूण ३४३. चौथी आले. पाचवीचे ३४२. मूठ नियमांच्या तपासणीत पास. आता झोपते."

मी कॅप्टनला मिठी मारली. त्याचा पांढरा शर्ट गेला. मग मी त्या दोघांची माफी मागितली आणि त्यांनाही काही कळलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी घरी आलो. पहिल्याच शनिवारी तिच्याबरोबर क्लबमध्ये गेलो, पाहुणा म्हणून. अंकल सेंगने कपाट उघडलं आणि तिचं पिस्तूल कापडावर ठेवलं.

मी केलेली मूठ ओळखू येत नव्हती. माझी चकाकी गेली होती. सागवानावर जागोजागी करड्या लांबीची ठिगळं होती, त्यांच्यावर कानशीचे ओरखडे, आणि लाकडाच्या रंध्रांत, ठिगळांच्या कडांना, सगळीकडे नीळ मुरलेली. अंगठ्याच्या जागी खोल खळगा होता. करंगळीखालचा कट्टा, ज्याच्यावर मी पाच दिवस घालवले होते, तिने जवळजवळ अख्खा कापून टाकला होता. जहाजावर कुणी असलं काम माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी ते समुद्रात फेकलं असतं.

"कॅन होल्ड," अंकल सेंग मला म्हणाला. "एम्प्टी, सेफ."

मी प्रेमलाकडे बघितलं. तिने मान हलवली. मी पिस्तूल उचललं, नळी भिंतीकडे धरली आणि मूठ पंजात घेतली. अंगठा खळग्याच्या बाहेर राहिला. बोटं एकमेकांवर चढली. तळव्याला दोन ठिकाणी टोचलं आणि मध्ये पोकळी राहिली. मी हात बदलून धरली, खाली सरकवून धरली, वर सरकवून धरली.

"कसंय काम?" प्रेमलाने विचारलं. पिस्तूल परत घ्यायला तिने हात पुढे केला. दोन्ही हात ती मघापासून एसीच्या झोताखाली धरून उभी होती.

"उत्तम आहे," मी म्हणालो आणि पिस्तूल कापडावर ठेवलं. "मला कुठेच बसत नाही."